मेंदी ओली आहे तोवर

इन्शिराहला कुणी "बिचारी" म्हटलं की त्याची काही खैर नसे. इजिप्तमधल्या दमियात शहरात, सुतारांच्या गल्लीत, जिथे लाकडाचा भुसा चहाच्या पेल्यातसुद्धा उडतो, तिथे ती खुर्च्यांच्या गाद्यांना मखमल शिवायची. जिना चढताना मधल्या पायरीवर बसून दम खायची आणि टकमक बघणाऱ्याला सुनवायची, "बघतोस काय? हृदय माझं आहे, त्याला सवड मी देणार!"

एवढं तोंड तिला आलं कुठून? लहानपणी गप्प बसली होती ना, त्यातूनच आलं.

शाळेत असताना तिचे सांधे सुजले. आज उजवा गुडघा, परवा डावा, मग घोटा. आई दौलत म्हणाली, "वाढीचं दुखणं आहे, पोर उंच होतेय." शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी मात्र तिच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. घसा धरला होता, त्यातून सांध्यांचा ताप आला होता आणि आता तो हृदयाकडे निघाला होता. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही शाळेच्या दवाखान्यात, आणि एकही चुकवायचं नाही असं त्यांनी बजावलं.

आता त्या शाळेची रीत अशी, की सकाळी झेंड्यापुढे रांगा लागल्या की नर्स अफकारबाई कर्ण्यावरून इंजेक्शनवाल्यांची नावं पुकारायच्या. बाईच्या मनात वाईट काही नव्हतं, पोरं चुकू नयेत एवढंच. पण अख्ख्या गावाच्या लेकी त्या पटांगणात! पोरीचं हृदय अधू आहे हे चारचौघांत उघड झालं तर उद्या तिला मागणी कोण घालेल? दौलतनं लेकीला दम भरला, "नाव आलं तरी ओ द्यायची नाही. मी बाहेरून टोचून आणते."

बाहेर एकही औषधवाला तयार होईना. पेनिसिलिन एखाद्याच्या अंगावर उलटलं तर नसतं लचांड, म्हणून जो तो हात झटकायचा. एक खेप चुकली, मग दुसरी. अफकारबाई पुकारत राहिल्या आणि इन्शिराह मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिली.

त्या हिवाळ्यात ताप परत आला आणि जाताना हृदयाची एक झडप कायमची खराब करून गेला. अंथरुणातून उठल्यावर पहिल्याच पुकाऱ्याला तिनं असं "हजर!" ठोकलं की मुख्याध्यापिका दचकल्या. त्यानंतर एकही खेप तिनं चुकवली नाही. पुढे शाळा सुटली, पण अफकारबाईंना तिनं सोडलं नाही.

मग वहदानचं स्थळ आलं. लाकडावर वेलबुट्टी कोरणारा, कमी बोलणारा. तिनं त्याला सगळं आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला चालेल. आईचं मी बघतो." बघतो म्हणाला आणि बघतच राहिला.

आणि इंजेक्शनची खेप आली नेमकी मेंदीच्या दिवशी.

दौलत काकुळतीला आली. "अगं, लग्न होऊ दे, मग घे! घरभर त्यांची माणसं बसलीत."

"मागेही असंच म्हणाली होतीस, आई."

"आणि लग्न मोडलं तर?"

"मोडू दे! नवरा दुसरा मिळेल. हृदय कुठल्या दुकानातून आणू?"

दुपारी बायका डफ वाजवून गात होत्या तेव्हा अफकारबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. दर वेळी आधी दंडाच्या कातडीखाली थेंबभर औषध टोचायचं, अर्धा तास थांबायचं, गांध उठली नाही तरच खरं इंजेक्शन द्यायचं. दौलत लेकीला आतल्या खोलीत ओढू लागली.

"इथेच," इन्शिराह म्हणाली. "इथे उजेड आहे."

सुई टोचली गेली आणि डफ थांबला. वहदानची आई, हज करून आलेली हज्जा तफीदा, समोरच बसली होती.

"हे काय चाललंय गं?"

"हृदयाचं इंजेक्शन आहे, सासूबाई. लहानपणी सांध्यांचा ताप आला, त्यानं झडप खाल्ली. हे चाळिशीपर्यंत घ्यायचंय आणि मी घेणार. तुमच्या लेकाला ठाऊक आहे, तुम्हाला सांगायची त्याची छाती झाली नाही. मोडायचं तर आत्ताच मोडा, मेंदी ओली आहे तोवर. फक्त मला बिचारी म्हणू नका."

हज्जा उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. दौलत भिंतीला टेकून खालीच बसली. कुणीतरी सरबताचे पेले गोळा करायला लागलं. इन्शिराह हात पसरून ताठ बसून राहिली. वहदान तिला फार आवडत होता हो! डोळे भरून आले होते आणि मेंदीमुळे पुसायची सोय नव्हती.

अर्धा तास भरायच्या आत हज्जा परत आली. तिच्या हाताला धरून धाकटी लेक शाहिंदा लंगडत आत शिरली. हज्जानं सगळ्यांदेखत पोरीचा झगा वर केला. गुडघा फुगलेल्या पावासारखा दिसत होता.

"कालपर्यंत दुसरा सुजला होता," हज्जा म्हणाली. "शाळेत तपासणीला हिचं नाव पुकारतात. मीच सांगितलं, ओ देऊ नकोस म्हणून."

दौलत सरकत सरकत पुढे आली आणि तिनं तो गुडघा हलकेच मांडीवर घेतला. "मीही हेच केलं होतं, बाई," ती म्हणाली.

"अफकारबाई, हिलाही टोचा," इन्शिराह म्हणाली.

"असं कसं टोचू? आधी डॉक्टर छाती ऐकतील. उद्या सकाळी शाळेत आणा."

"उद्या हिचं लग्न आहे!" एक मावशी किंचाळली.

"लग्न संध्याकाळी आहे," इन्शिराह म्हणाली. "सकाळी मी रिकामीच आहे."

दुसऱ्या दिवशी झेंड्यापुढे रांगा लागल्या. कोपरापर्यंत रंगलेल्या हातांची नवरी शाहिंदाला धरून रांगेत उभी राहिली. पोरी खुसुखुसू हसत होत्या, तिकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. कर्ण्यावरून नाव आलं. शाहिंदानं मान खाली घातली आणि बुटांकडे बघू लागली.

इन्शिराह वाकली. "बुटांत काही नसतं गं. माझं पुष्कळ बघून झालंय. वर बघ."

पोरीनं नाक ओढलं, मान वर केली, आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली, "हजर!"