खोट्या शिक्क्याचा खरा धनी

वर्दी उतरवून बरीच वर्षं झाली, तरी त्या हिवाळ्यात आमच्या कोठडीत बसलेला एक माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जुनी केस आठवली की लोक हळवे होतात म्हणे. मला राग येतो. त्या रागापोटीच लिहितो आहे.

मी पेन्शन खाणारा म्हातारा अधिकारी नाही, हे आधीच सांगतो. तिशीतच नोकरीला रामराम ठोकला आणि आता सामान्य करदात्यांसाठी पत्रकं छापून वाटतो. तेव्हा भाषा जरा उघडी वाटली तर चालवून घ्या. नावं कुणाचीच देणार नाही, त्या कर कार्यालयाचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. वडील नागपूरकडून सरकारी नोकरीनिमित्त लखनऊला आलेले, मी तिथलाच वाढलेला आणि निशातगंजजवळच्या एका ठाण्यात नवा सब-इन्स्पेक्टर. बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेमागे एका व्हरांड्यात, टेबल टाकून एक गृहस्थ बसत. हवाई दलातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देत. गिऱ्हाइकं त्यांना ‘वकील साहब’ म्हणत, वकील नसूनही. आम्ही मराठी घरांतले ‘रिटर्नवाले काका’ म्हणायचो. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरचे वॉरंट ऑफिसर, सरकारी बाबू, बँकवाले, सगळे त्यांच्याकडे.

हे काम कसं चालतं ते ज्यांनी कधी केलं नाही त्यांना सांगायला हवं, कारण सगळा गुन्हा त्यातच आहे. कायदा म्हणतो, जूनअखेर विवरणपत्र द्या. पगारातून कापलेल्या कराचा दाखला ऑफिस देणार जूनच्या शेवटच्या आठवड्यात, तोही साहेब रजेवर नसले तर. कोरे फॉर्म कार्यालयात फुकट मिळायला हवेत. तिथे ते संपलेले, आणि फाटकाबाहेरच्या पानवाल्याकडे पैसे मोजून हवे तितके. गिऱ्हाईक येणार शेवटच्या दिवशी, घामाघूम, आणि म्हणणार, “काका, विम्याच्या पावत्या गावी राहिल्या, बघा ना जमवून.” तळावरच्या माणसाची तर आज इथे, उद्या आसामात बदली. म्हणून काका त्यांच्या सह्या आधीच कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेवत. सगळेच ठेवत. आणि हे सगळं पार पाडून माणूस कार्यालयात पोचला की अख्ख्या शहरासाठी खिडकी एक. एक! कर बुडवणाऱ्याला शोधायला यांच्याकडे जीप आहे, आणि कर द्यायला आलेल्या माणसाला जूनच्या वाऱ्याची झळ, तिथली लू, झेलत उभं राहायला एक पायरी.

दिवाळीनंतर तळावरच्या काही जणांना नोटिसा आल्या. विवरणपत्र दाखल केलं नाही, दंड का करू नये? त्यांनी शिक्का मारलेल्या पोचपावत्या दाखवल्या. कार्यालयाने उत्तर दिलं, हा शिक्का आमचा नाही. आणि तिथल्या बडे बाबूंनी, म्हणजे मुख्य कारकुनाने, ठाण्यात येऊन फिर्याद दिली. फसवणूक, बनावट शिक्का. आरोपी, आमचे काका.

दुसऱ्याच दिवशी एक खबऱ्या आपणहून आला. “दरोगाजी, वह बुड्ढा चौक में मोहर बनवाता है. मैंने खुद देखा.”

“कुणाच्या दुकानात?”

“अब दुकान का क्या है साहब, गली में है एक.”

पोलिसात शिकलेली एक गोष्ट सांगतो. खबर काढावी लागते. ती आपल्या पायांनी चालत आली तर आधी तिचे पाय उलटे आहेत का बघावं. पण वरून फोन आला होता आणि तळावरचे लोक चिडले होते. झडती झाली, पंचनामा झाला. व्हरांड्यात शिक्का सापडला नाही. तरी काकांना अटक झाली आणि मॅजिस्ट्रेटनी पोलीस कोठडी दिली.

काकू डबा आणि घोंगडी घेऊन ठाण्यात आल्या. बाई ठेंगणी, आवाज मात्र परेडच्या मैदानावरचा.

“तू त्या नागपूरवाल्या भाऊंचा मुलगा ना? आमच्या घरी तिळगूळ खाऊन गेलास संक्रांतीला.”

“काकू, कायद्याने—”

“कायदा मला नको सांगू. तीस वर्षं विमानांचे हिशेब लिहिले ह्या माणसाने, एक स्क्रू कमी नाही आला. आणि आता म्हातारपणी रबराचे शिक्के पाडेल होय रे?”

दीवानजी, म्हणजे ठाण्याच्या नोंदी ठेवणारे आमचे हेड कॉन्स्टेबल, मराठी कळत नसूनही टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले.

चौकशीत काका दोनच गोष्टी बोलले. “कागद वेळेत दिले.” आणि “शिक्का मी मारला नाही.”

“कुणाच्या हातात दिले?”

“कार्यालयात दिले.”

“काका, नाव सांगा. उद्या सुटाल.”

“मी सुटेन रे. मी नाव घेतलं की जाईल एक, आणि जायला पाहिजे तो बसेल खुर्चीत पाय पसरून. मला शिकवू नकोस, सरकारी नोकरी मीपण केली आहे.”

मार खाऊन लोक गप्प राहतात, पैसे खाऊन राहतात, हे पाहिलं होतं. दुसऱ्याच्या पोटासाठी गप्प राहणारा मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगतो, असा आरोपी तपास अधिकाऱ्याला सगळ्यात जास्त छळतो.

शिक्का कार्यालयाचा नाही, एवढा जबाब नोंदवायला बडे बाबूंनी आपला चपराशी पाठवला. पन्नाशीचा, काडीसारखा, गळ्यात मफलर. तो आला तेव्हा काका माझ्यासमोरच बाकावर बसले होते.

“यांना ओळखता?”

“नहीं साहब. कभी देखा नहीं.”

“नीट बघा.”

“हुजूर, दिन भर में सौ आदमी आते हैं. हम किस-किस को पहचानें?”

दीवानजींनी चहा मागवला होता. चहावाल्याने मातीचे तीन कुल्हड आणून ठेवले. गोड चहा, लखनऊचा, चमचा उभा राहील असा. थंडीने काकडलेल्या काकांनी हात पुढे केला, आणि त्या चपराशाने त्यांच्या हातातलं कुल्हड पटकन बाजूला ओढलं.

“अरे यह नहीं, यह नहीं! इनको फीकी चाय दीजिए भाई, शुगर है इनको. पिछली बार चक्कर आ गया था.”

चपराशाच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्याने मफलर तोंडावर घेतला आणि रडायला लागला. काका म्हणाले, “अरे यार, रो मत. बैठ.” आरोपी साक्षीदाराची समजूत काढत होता.

मग सगळं बाहेर आलं. मला ते आजही सांगताना दातओठ खावेसे वाटतात. शेवटच्या दिवशी घड्याळात पाच वाजले की खिडकी बंद. बाहेर निम्मी रांग तशीच. बडे बाबू खरा शिक्का कपाटात ठेवून कुलूप लावत. मग कार्यालयाच्या मागच्या बाजूला, स्टोअरच्या खिडकीतून, हा चपराशी विवरणपत्रं भरून देणाऱ्या सगळ्यांचे गठ्ठे आत घेई आणि रद्द झालेल्या एका जुन्या शिक्क्याने पोचपावत्या मारून देई. दुसऱ्या दिवशी सकाळी बडे बाबू ते गठ्ठे आदल्या तारखेला जमा करून टाकत आणि त्याची वेगळी दक्षिणा घेत. वर्षानुवर्षं असंच चाले. साहेबांना ठाऊक, बाबूंना ठाऊक, पानवाल्याला ठाऊक. शहराचा निम्मा कर चोरवाटेने आत जाई, कारण पुढे दुसरी खिडकी उघडायला कुणाचा हात वळत नव्हता.

त्या वर्षी नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी वरून अचानक तपासणी आली. नोंदवही तपासणीवाल्यांच्या ताब्यात. मागच्या खोलीतले गठ्ठे आता दाखवायचे कसे? बडे बाबूंनी ते पोत्यात भरायला लावले.

“कुठे गेली पोती?” मी विचारलं.

“रद्दी में, हुजूर.” चपराशी मान वर करत नव्हता. “मैंने कहा था बाबूजी से, इसमें लोगों का नाम-पता है. बोले, तो क्या हुआ, मूँगफली वाला पढ़ेगा क्या?”

खरंच तसंच झालं. कुणाचा पगार, कुणाचा विमा, कुणाच्या बायकोच्या नावावरची ठेव, सगळ्याच्या पुड्या होऊन बाजारात शेंगदाणे विकले गेले. मग बडे बाबूंनी इतर भरून देणाऱ्यांना गुपचूप निरोप धाडले. आणखी पैसे ठेवा, नवे कागद सह्या करून आणा, जुळवून घेऊ. त्यांनी जुळवलं. काकांना निरोपच नाही. ते कधी दक्षिणा देत नसत. मागच्या खिडकीला जात ते या चपराशाच्या ओळखीने. आणि निरोप आला असता तरी काय? सह्या करणारे अर्धे एव्हाना आसामात आणि जोधपूरला. नोटिसा तळावर पोचल्यावर प्रकरण आपल्या अंगाशी येणार हे दिसताच बडे बाबू स्वतःच फिर्यादी होऊन ठाण्यात आले. आपणहून आलेला तो खबऱ्याही त्यांच्याच फाटकावरचा पानवाला निघाला.

मी केस डायरी लिहून सीओ साहेबांसमोर ठेवली, म्हणजे आमच्या वरच्या अधिकाऱ्यासमोर. बडे बाबूंच्या अटकेची परवानगी मागितली. साहेबांनी वाचली आणि चष्मा पुसला.

“उस दफ़्तर का मामला वही देखेंगे. चपरासी का चालान करो, अदालत भेजो. बुड्ढे को सबूत के अभाव में छोड़ दो. बात खतम.”

“सर, पुराव्याअभावी म्हटलं तर कागद वेळेत दिले होते हे कुठेच येणार नाही. त्या लोकांचा दंड तसाच राहील.”

“तुम पुलिस में हो या उनके मुनीम हो?”

मी कोठडीचं दार उघडून काकांना म्हटलं, घरी चला. त्यांनी विचारलं, “काय लिहिलंस?” मी सांगितलं. ते परत घोंगडीवर जाऊन बसले.

“मग मी नाही येत.”

“काका, अहो, सुटलात तुम्ही!”

“मी सुटलो. ज्यांनी माझ्यावर विश्वासून कोऱ्या कागदावर सह्या केल्या, ते? त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डला कर चुकवल्याचा डाग. ‘गठ्ठे वेळेत पोचले’ एवढं एक वाक्य लिही, चालत घरी जातो. नाहीतर लाव दार.”

दीवानजी डोक्याला हात लावून म्हणाले, “तीस साल की नौकरी में पहला क़ैदी देखा जो निकलने को राज़ी नहीं!”

मी लिहिलं. एक नव्हे, चांगलं पानभर लिहिलं, आणि साहेबांच्या टेबलावर अडकू नये म्हणून तो अहवाल स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर नेऊन ठेवला. शिस्तीचा भंग झाला. होऊ दे. महिन्याभरात माझी बदली जिल्ह्याच्या टोकाला झाली. त्या अहवालाच्या आधारावर अपिलं करून करून तळावरच्या लोकांचे दंड एकेक करत रद्द झाले. चपराशाची नोकरी गेली, शिक्षाही झाली. बडे बाबूंना बढती मिळाली. काका म्हणाले होते तेच, अक्षर न् अक्षर. बढतीची बातमी कळली त्या आठवड्यात मी राजीनामा दिला.

या केसने मला काय शिकवलं? खोटा शिक्का कुणी मारला हे शोधणं सोपं असतं. खरा शिक्का कपाटात कुलपात कुणी ठेवला, हे विचारायला लागलात की तुमची बदली होते. सरकार नियम करतं मोठ्या माणसांच्या सोयीने, आणि तो पाळताना लहान माणसाला चोरवाट धरावी लागते. मग एक दिवस त्या चोरवाटेवरच त्याला पकडतात. मी पोलीस होतो, म्हणून पकडणारा हात माझा होता. म्हणून सांगतोय, लहान माणसाला पकडून केस सुटत नसते, मिटवली जात असते.

कार्यालयाने सुधारणा केली म्हणतात. केली ना! मागची खिडकी विटांनी बुजवली. पुढे दुसरी उघडली नाही.

काकांच्या अटकेनंतरच्या जूनअखेरीस मी मुद्दाम त्या कार्यालयात गेलो, साध्या कपड्यांत. काका भिंतीला टेकून गुडघ्यावर कुणाचं तरी विवरणपत्र पुरं करत होते. त्या माणसाला दाखला त्याच दुपारी मिळाला होता. रांगेत त्यांच्या जागी, गठ्ठा छातीशी धरून, काकू उभ्या होत्या. त्यांचा नंबर आला आणि आतल्या बाबूने घड्याळाकडे बघून खिडकीची फळी ओढली.

काकूंनी हात आत घातला.

“माताजी, हाथ हटाइए. टाइम हो गया.”

“नहीं हटाएगी. ओढ फळी. तोड़ दो हाथ.”

“अरे माताजी, लग जाएगा!”

“लगने दो. लेकिन ठप्पा मारके जाऊँगी. और असलीवाला मारना.”

मागची सगळी रांग त्यांच्याभोवती सरकली. तोवर गप्प उभे असलेले ते लोक, वर्षानुवर्षं मागच्या दाराने जाणारे, पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. बाबूने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा फळीखालच्या त्या हिरव्या बांगड्यांच्या हाताकडे. मग त्याने फळी वर केली, आणि रांगेतला शेवटचा माणूस शिक्का घेऊन जाईपर्यंत काकूंनी तो हात काही बाहेर काढला नाही.