व्यवसायाचा रकाना

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. मोठं भांडण असं झालंच नाही. बोलणं आटत गेलं आणि कॅनडातल्या मिल्टनच्या त्या घरात आम्ही दोन भाडेकरूंसारखे राहायला लागलो. नवरा इंजिनिअर. रोज ट्रेननं टोरांटोला जायचा. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, "ती घरीच असते."

घरी होते, पण बेसमेंटमध्ये, मशीनवर. इचलकरंजीला मी शिवणकामाचा डिप्लोमा केला होता. इथे मुलगी शाळेत जायला लागल्यावर शेजारणीचे पडदे शिवून दिले. मग विंटर जॅकेटच्या चेन, ऑफिसला जाणाऱ्यांच्या पँटी, आपल्या बायकांचे ब्लाउज करता करता लग्नाच्या गाऊनपर्यंत पोचले. दुकानातून आणलेला गाऊन अंगावर कधी नीट बसत नाही. तो उसवायचा, मणी काढून ठेवायचे, परत बेतून शिवायचा, आणि कुणाचा हात लागलाय हे दिसता कामा नये. बारा वर्षं हेच केलं. आसपासची दोन ब्रायडल दुकानं त्यांचं सगळं अल्टरेशन माझ्याकडे पाठवायची.

ओंटारिओत घटस्फोट घेताना लग्नाच्या काळात कुणाचं किती वाढलं ते मांडतात आणि ज्याचं जास्त, त्यानं फरकाचा अर्धा भाग दुसऱ्याला द्यायचा असतो. त्यासाठी दोघांनी आपापला लांबलचक फॉर्म भरायचा. त्यात घर, घरगुती वस्तू आणि गाड्या, बँकेतली शिल्लक, व्यवसाय असे रकाने असतात. आमच्याकडचे कागद कायम नवराच सांभाळायचा, त्यामुळे माझाही कच्चा फॉर्म त्यानंच भरून पाठवला.

मी तो माझ्या वकीलबाईंच्या ऑफिसात बसून वाचला. घरगुती वस्तूंमध्ये सोफा, डायनिंग टेबल, बर्फ काढायचा स्नोब्लोअर आणि त्यांच्याखाली 'शिलाई मशीन, चार, जुनी'. व्यवसायासमोर लिहिलं होतं, 'नाही'.

त्यानं हे लबाडीनं लिहिलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला लागलं ते तेच.

वकीलबाई पंजाबी, माझ्याशी हिंदीत बोलायच्या. हे चुकलंय, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे समजावलं, की एका माणसाच्या अशा कामाची किंमत बऱ्याचदा फारशी निघत नाही. पण निघालीच, तर ती माझ्या बाजूला धरली जाईल. नवऱ्याची पेन्शन आणि बचत मोठी, म्हणजे मला त्याच्याकडून पैसे मिळणार होते. माझी बाजू जितकी वाढेल त्याच्या निम्म्यानं ते कमी होणार. त्यांनी मला दोन दिवस विचार करायला सांगितलं.

मी म्हटलं, "दोन दिवस नकोत. जिथे 'नाही' लिहिलंय त्या कागदावर मी सही करणार नाही."

दोघांच्या संमतीनं किंमत काढणारा एक माणूस नेमला. वयस्कर गोरे गृहस्थ. बूट दाराशी काढून खाली आले. पुतळ्यावर एक गाऊन अर्धा उसवलेला होता, शेजारी दुसरा तयार. तयार गाऊन मी त्यांच्यासमोर उलटा केला आणि यातली शिलाई कारखान्याची कुठली, माझी कुठली, ते ओळखा म्हटलं. त्यांनी चष्मा वर करून अस्तराजवळ डोळे नेले. ओळखता आलं नाही. मग गिऱ्हाइकं कशी येतात, दुकानांशी काय ठरलंय, हे सगळं तासभर विचारलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही तीन महिने नसलात तर हे कोण करेल?"

"कुणीच नाही."

"मग यातली बरीचशी किंमत तुमच्या हातांत आहे. ती मला वाटणीत धरता येत नाही."

हे ऐकून मी त्यांना चहा विचारायचीही विसरले. ते गेल्यावर अर्धा उसवलेला गाऊन परत हातात घेतला. इतकी वर्षं मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

हात वगळूनही त्यांच्या अहवालातला आकडा नवऱ्याच्या गाडीपेक्षा मोठा निघाला.

शेवटची बैठक मध्यस्थाच्या ऑफिसात झाली. नवऱ्यानं अहवाल पहिल्या पानापासून वाचला. त्याच्या वकिलानं हलक्या आवाजात त्याला सांगितलं, की आता तुम्हाला कमी द्यावं लागेल. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "तुझे पैसे कमी होतायत, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

त्यानं अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "फॉर्म भरताना मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. आम्ही दोघांनी सह्या केल्या.

घर विकलं. माझ्या वाट्याच्या पैशांत दोन बेडरूमचा काँडो बसेना, एकाच बेडरूमचा घेतला. मुलगी युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आली की बाहेरच्या खोलीत झोपते. पहिल्यांदा तिनं विचारलं, "आई, वॉज इट वर्थ इट?" मी तिला माझ्या नव्या दुकानात घेऊन गेले. गावातल्या मुख्य रस्त्यावर मी गाळा भाड्यानं घेतलाय. त्यासाठी बँकेत कर्ज मागायला गेले तेव्हा तोच अहवाल टेबलावर ठेवला होता. आता माझ्याकडे एक फिलिपिनो बाई पगारावर काम करते, मणीकामात ती माझ्याहून सरस आहे. मुलगी सगळीकडे फिरली, गाऊनला हात लावून बघितलं आणि मग म्हणाली, "ओके. आय गेट इट."

गेल्या वसंतात एक बाई मुलीचा लग्नाचा गाऊन घेऊन आल्या. माझ्या आधीच्या नवऱ्याच्या ऑफिसात काम करतात. त्यानंच पाठवलं होतं. तिच्यासारखं काम या भागात कुणी करत नाही, असं म्हणाला म्हणे. मी त्यांच्या मुलीला स्टुलावर उभं केलं, टेप गळ्यात घातली आणि खांद्यापासून मापं घ्यायला सुरुवात केली. गाऊन दोन्ही बाजूंनी बराच आत घ्यावा लागणार होता.