आई कर

पाळणाघरातल्या मावशींना आम्ही बायका आपसात ‘गादी’ म्हणतो. अंगाने ऐसपैस, मांडी तर अशी की दोन पोरं सहज मावतील. आधी इस्पितळात चादरी धुवायच्या; गुडघे गेले तशा इथे येऊन बसल्या. स्वतःचं मूल नाही, आवाज घोगरा, अंगाईचा एक सूर धड लागत नाही. आणि माझी तीन वर्षांची चिमणी त्यांच्या मांडीवर बघता बघता ढाराढूर!

घरी? काही विचारू नका. मी शिवणकाम करते. पोर एकदा दचकून उठली, म्हणून सासूबाईंच्या सांगण्यावरून शिलाई मशीन घरातून उचलून दुकानात नेलं. तेव्हापासून घरात सगळे चवड्यांवर चालतात, नवरा खोकायलासुद्धा बाहेर जातो. तरी पोरगी टक्क जागी. आपटाआपटी, रडारड आणि एकच घोशा, “मावशी आई कर!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीला आई कर? अगं, मग मी कोण? नऊ महिने पोटात वागवलं ते कुणी? जळत होते मी, खोटं कशाला बोलू! ही बाई झोपेचं औषधबिषध पाजते की काय, अशीही शंका आली. एका दुपारी दुकान बंद करून न सांगता जाऊन धडकले.

चिमणी मांडीवर, मला पाठमोरी. मावशींची बाही ओढत म्हणाली, “मावशी, आई कर ना.”

मावशींनी जीभ टाळ्याला लावली. “खट् खट् खट्, खर्रर्र...” हुबेहूब माझं मशीन! मध्येच दोरा तुटल्यावर थांबतं तसं थांबणंसुद्धा. पोरीच्या पापण्या जड झाल्या.

मला बघून मावशी ओशाळल्या. “तिनंच शिकवलंय हो. या आवाजाला ती आई म्हणते. पोटात असल्यापासून तेच ऐकलंय ना.”

आणि मी मेलीने तेच घरातून हाकललं होतं! पण म्हणून काय झालं? आवाज माझा, पोर माझी आणि झोपवणार ही? मी चिमणीला सरळ माझ्या मांडीवर ओढलं आणि तोंडाने खटखट सुरू केली.

तिने एक डोळा उघडला, मला नीट ऐकलं आणि मावशींकडे सरकली. “तू नको. तुला आई येत नाही.”

मावशी हाताआड तोंड लपवून हसल्या. हसा म्हटलं, हसून घ्या. संध्याकाळीच टेम्पो करून मशीन घरी आणलं. बघू आता, कुणाला आई येत नाही ते!