बोलायची वेळ

हवाई दलातून निवृत्त होऊन तंजावूरला परतलो आणि माझा पाय घरात ठरेना. अठरा वर्षं पोरांना विमान उडवायला शिकवलं होतं. फ्लाइंग स्कूलवाले बोलावत होते, पण शिकवण्याचा वीट आला होता. मला एअरलाइनमध्येच जायचं होतं, को-पायलट म्हणून का होईना. चेन्नईला सिम्युलेटरवर परीक्षा दिली आणि सपशेल आपटलो.

कारण ऐकाल तर हसाल. शेजारच्या खुर्चीतला उमेदवार विमान उतरवत होता आणि भलताच खाली चालला होता. मला दिसत होतं. तोंड उघडून सांगणं एवढंच माझं काम. आणि मी गप्प! शिकणाऱ्याची चूक त्याची त्याला कळू द्यायची, आपण हात स्टिकजवळ ठेवून बसायचं, अगदी गळ्याशी आलं की मगच ताबा घ्यायचा, ही अठरा वर्षांची खोड. "बोलला का नाहीत?" परीक्षकाने विचारलं. काय सांगणार, कपाळ! शरमेने मान वर होईना.

सोमवारी दुसरी संधी होती, आणि तीच शेवटची. रविवारी मी सकाळपासून नुसता येरझाऱ्या घालत होतो. बायको वैतागली. "अय्यो, किती त्या फेऱ्या! चला पापनाशमला. गाडी मी चालवते. जे दिसेल ते तुम्ही लगेच बोलायचं."

"समोर बस," मी म्हणालो.

"दिसतेय."

"डावीकडे कालवा."

"दिसतोय हो!"

पुढे एका पुलापाशी ती चुकून आत वळली. मला कळलं, आणि मेली जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. रस्ता नारळाच्या बागेत जाऊन संपला. तिने इंजिन बंद केलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पुलापाशीच."

"तुमच्या बदल्यांपायी मी कॉलेजची नोकरी सोडली, तेव्हाही तुम्हाला कळलं होतं ना, मी चुकतेय ते? मी काही तुमची कॅडेट नव्हते."

मला कळलं होतं. तिने गाडी मागे घेतली. घरी येईपर्यंत मी बस, मोपेड, म्हैस, सगळं मोठ्याने सांगत होतो. ती एकदाही 'दिसतंय' म्हणाली नाही.

सोमवारी परीक्षा संपल्यासंपल्या जिन्यातूनच तिला फोन लावला.

"तू नोकरी सोडायला नको होतीस," मी म्हणालो. "मला तेव्हाच सांगायचं होतं. चुकलं माझं."

"म्हणजे पास झालात," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.