पाठ दिसली तर अळी

लॅकी डनबारइतका तोंडाळ माणूस मटॉरा नदीच्या काठी दुसरा नाही. कत्तलखान्यात तीस वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून मी सुरी चालवली आणि तीस वर्षं त्याची बोलणी खाल्ली. गळाने ट्राउट मासे धरायलाही त्यानेच शिकवलं, शिव्या घालत. "तोंड वर आलं तर मासा माशी खातोय. नुसती पाठ दिसली तर पाण्याखालची अळी. एवढं कळत नसेल तर घरी जाऊन बटाटे सोल."

एप्रिल, म्हणजे आमच्याकडची पानगळ, सरत आला होता. महिनाअखेरीला मासेमारीचा हंगाम संपतो; त्याला चार दिवस उरले असताना त्याच्या मुलीचा, मोरॅगचा, फोन आला.

"काका, बाबांना दिसत नाही हो. कबूल करणार नाहीत. तुम्ही नदीवर बघा आणि मला खरं सांगा. तसं असेल तर मी त्यांना इन्व्हरकार्गिलला आणते, इथल्या वृद्धाश्रमात."

नदीशिवाय लॅकी म्हणजे काय उरणार, हे मला ठाऊक होतं. तरी नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ खाली उतरलेलं, वारा पडलेला. पानगळीत अशाच दिवशी पाण्यातून माश्या निघतात. बाराच्या सुमाराला त्या निघू लागल्या आणि वळणावर मासे हलू लागले. तोंड एकाचंही दिसेना. पाठी वर येत आणि बुडत.

लॅकी मात्र आवाजाच्या अदमासाने गळावर बांधलेली पिसांची, तरंगती नकली माशी टाकत राहिला. फेक अजूनही देखणी. मासे तिच्या शेजारून निघून जात.

"नखरे करतायत आज," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हणालो.

तासाभराने त्याची माशी झुडपात अडकून तुटली. "दुसरी बांध रे, माझी बोटं गारठलीत." मी गुपचूप माशीऐवजी बुडणारी नकली अळी बांधली. तिसऱ्या फेकीला मासा लागला.

गळ काढायला त्याने माशाच्या तोंडात बोट घातलं आणि थांबला. तरंगत्या माशीच्या गळ्याशी ताठ पिसं असतात. ती बोटाला लागली नव्हती.

"किती वेळ खाली खात होते?"

"आल्यापासून."

"आणि तू तासभर गप्प बसलास."

त्याने मासा सोडून दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोरॅगने विचारलंय ना?"

"हो."

"खोटं सांगू नकोस. फक्त हंगाम संपेपर्यंत थांब."

दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला आणि नदी गढूळ झाली. तिन्ही दिवस आम्ही काठावर गाडी लावून, काचा चढवून बसलो.

"काही वर येतंय?" तो दर थोड्या वेळाने विचारी.

"वळणापाशी दोन," शेवटच्या दुपारी मी म्हणालो.

"खोटारड्या," तो हसला. "बरं, तोंड की पाठ?"

"तोंड."

"मग माशी टाकायची," तो म्हणाला आणि काचेकडे बघत राहिला.

मेच्या एक तारखेला सकाळी मी मोरॅगला फोन केला.