भाऊंच्या भाषणातली आई

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. भाऊ प्रत्येक सभेत आईची जी गोष्ट सांगतात, ती त्यांच्या आईची नाही, माझ्या आईची आहे. आणि ती मीच त्यांना लिहून दिली.

तेव्हा ते नगरसेवकपदाला पहिल्यांदाच उभे होते. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला. लिहायची हौस, म्हणून भाषणं माझ्याकडे. "काळजाला भिडेल असं लिही की लेका," म्हणाले. त्यांची आई गंगापूर रोडला बंगल्यात राहणारी शिक्षिका. त्यात भिडण्यासारखं काय? मग मी लिहिलं, आई बाजारात झेंडू विकते. पोराला शाळेत बक्षीस मिळतं. ती टोपली घेऊन फाटकाबाहेरच थांबते. पोरगा धावत जातो, हात धरून तिला आत आणतो आणि पहिल्या रांगेत बसवतो.

शेवट सोडला तर सगळं खरं. मी धावलो नव्हतो. मास्तरांनी विचारलं, "ती फुलवाली तुझ्याकडेच बघतेय, घरची का रे?" मी नाही म्हणालो. तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

भाऊ नगरसेवक झाले, आमदार झाले, आता मंत्री आहेत. ते या गोष्टीमुळेच झाले, असं कसं म्हणू? पण ती सांगताना ते हातातल्या कागदाकडे बघतही नाहीत. एकदा गाडीत मी चाचरत म्हटलं, "भाऊ, ती गोष्ट आता बंद करू या."

"माझ्या आईची गोष्ट मी का बंद करू?"

चेष्टा करताहेत का, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काही कळलं नाही.

गेल्या सभेला आई हट्टानं आली. गोष्ट संपली, टाळ्या पडल्या. डोळे पुसत ती म्हणाली, "लय गुणाचं लेकरू हाय बघ. आईला आत नेलं त्यानं."

मी तिची पिशवी उचलली.

"कुठं बसायची रे त्याची आई? आमच्या लायनीत तर नव्हती कधी."

"असेल दुसरीकडं."

"असंल," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तिनं ओळखलं का? ओळखलं असेल, तर तो हात कसला होता? आठ दिवस झाले, मला उमगत नाही. भाऊंना सांगण्यासारखं माझ्याकडे काही राहिलेलं नाही. आईला मात्र सांगायचं राहिलंय, की फाटकाबाहेरची ती बाई तूच, आणि मी नाही म्हणालो होतो.