नैरोबीचे चार

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. जुन्नरला मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. शेजारी हातकागद बनवणारे एक चाचा राहत. त्यांची मुलगी लग्न होऊन नैरोबीला गेली होती. तिचं पहिलं बाळंतपण आलं आणि जावयाने चाचींसाठी विमानाचं तिकीट धाडलं. चाची तोवर नारायणगावच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

मुंबईपासून नैरोबी किती लांब, ते बघायला चाचा माझ्याकडे आले. मी नकाशावर दोरा ताणून मोजलं आणि अंदाजे अठ्ठावीसशे मैल सांगितले. मधे एडनला थांबून तेरा-चौदा तास लागतील, म्हटलं. चाचांना ते पटेना. पुण्याला जाऊन गाडी धरायची तर आमचा अख्खा दिवस मुंबई गाठण्यातच मोडायचा. तेवढ्यात आफ्रिका कशी येईल? जावयानेही पत्रात तेवढेच तास लिहिले होते; तो थापा मारतो, असं त्यांचं मत पडलं.

मी उत्साहाने पुढचंही सांगून टाकलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पावणेतीन तास मागे असतं.

चाचांचा चेहरा उतरला. लग्न झाल्यापासून दोघं दुपारी चारला काम थांबवून एकत्र चहा घेत. आता लांब असलो तरी चारलाच घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

“म्हंजे तिथं चार वाजतील तवा हितं किती?”

“पावणेसात.”

“मग आमी पावणेसातला घिऊ.”

चाची गेल्या. नातू झाल्याची तार आली. चाचा चार वाजता कामगारांना चहा पाजत आणि स्वतः कोरडे बसत. पावणेसातला कपभर घेतला की त्यांची भूक मरे. भाकरी उरते म्हणून सून माझ्याकडे कुरकुर करी. दिल्या शब्दापुढे चाचा कोणाचं ऐकणार?

काही महिन्यांनी चाची परतल्या. घर भरलं होतं. चाचांनी जरा मिरवतच आपला पावणेसातचा नेम सांगितला. चाची बघतच राहिल्या. लेकीने कितीही सांगितलं तरी त्यांनी सोबत नेलेल्या गजराच्या घड्याळाचे काटे फिरवू दिले नव्हते. जुन्नरचे चार झाले की त्या चहा मागत. तिथे तेव्हा सव्वा वाजलेला. जावई नेमका ताटावर बसलेला असे.

“म्हंजे मी पीत व्हते, तवा तुमी नुसतं बसून व्हता?” चाचींनी विचारलं.

मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. एवढ्या शिकलेल्या बाईने घड्याळ कोण फिरवणार ते आधी विचारायला नको का, असं चाचींचं म्हणणं.

चाचांची पावणेसातची सवय पुढे सुटली नाही आणि चाची चार सोडायला तयार नव्हत्या. त्यामुळे त्या घरात दोनदा चहा होऊ लागला, आणि दोन्ही वेळा मला हाक येई.